विमानाने पाऊण तास

दोघांची ओळख झाली ती हवाई वाहतूक नियंत्रणाच्या प्रशिक्षणात. एकाच बाकावर बसत, एकमेकांच्या चुका काढत, आणि त्या काढता काढताच लग्न ठरलं. नेमणुकीची वेळ आली तेव्हा मात्र ताटातूट झाली. तिला मिळाला डोंगराच्या अलीकडचा विमानतळ आणि त्याला पलीकडचा.

दोन्ही विमानतळ लहान. एकेक धावपट्टी, एकेक टॉवर, दिवसाला मोजकी विमानं. सरळ रेषेत दोघांच्या मधे दीडशे-एकशेसाठ मैल. पंख्याचं विमान पाऊण तासात पोचायचं. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा, मग खाडी, मग बोटीची वाट पाहणं, असा अख्खा दिवस मोडायचा. विमान सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा तिकडे जाऊन परत यायचं. नवऱ्याची ड्यूटी, हिची ड्यूटी आणि विमानातली रिकामी जागा या तिन्हीचं गणित जुळलं की तो घरी यायचा. ते महिन्यातून एखाद्या वेळीच जुळायचं.

बोलणं मात्र रोज व्हायचं. तिच्या धावपट्टीवरून विमान उडालं की ती हॉटलाइन उचलायची आणि पलीकडच्या टॉवरला सांगायची: अमुक विमान, अमुक वाजता सुटलं, इतक्या उंचीवर आहे, इतक्या वाजता तुमच्याकडे पोचेल. पलीकडून ते शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले जात. ड्यूटी जुळली की म्हणून दाखवणारा तिचा नवराच असायचा. या लायनीवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो, त्यामुळे ‘जेवलास का’ विचारायची सोय नव्हती. पण तिला तेवढ्या आकड्यांतूनही सगळं कळायचं. सर्दी झालीय, झोप अर्धवट झालीय, कुणाशी तरी वाजलंय. घरी फोन झाला की ती म्हणायची, “आज गरम पाणी पी, नाक चोंदलंय तुझं,” आणि तो हसायचा.

घरी ती आणि सासूबाई. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या लेकाकडे न जाता सुनेकडे आल्या, कारण मोठा दवाखाना अलीकडच्या गावात होता आणि सुनेचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. बाई तिखट जिभेच्या, पण मनाने मोकळ्या. सुरुवातीला दोघींचं छान जमलं. सून ड्यूटीवरून आली की त्या टॉवरमधल्या गमती विचारायच्या, वैमानिकांच्या आवाजाच्या नकला करून घ्यायच्या आणि पोट धरून हसायच्या. मग दोनेक वर्षांपूर्वी काय बिनसलं कोण जाणे. त्या हळूहळू गप्प झाल्या. चहा दिला की ‘ठेव तिथे’, औषध दिलं की ‘घेते’. सुनेने मनाची समजूत घातली, म्हातारपण आहे, पाय दुखतो, माणूस चिडचिडं होणारच.

त्याच सुमाराला तिच्या टॉवरमधली एक जागा रिकामी झाली होती. नवरा-बायको दोघंही या कामात असतील तर एका ठिकाणी नेमायची पद्धत होती. तिने नवऱ्याला अर्ज करायला लावला. काही आठवड्यांनी तो फोनवर म्हणाला, “वरून नकार आला गं. माणसं कमी आहेत म्हणतात.” ती रडली. त्याने तिची समजूत काढली. “जाऊ दे, पुढची जागा आपलीच,” तो म्हणाला.

यंदा पुढची जागा निघाली. टॉवरमधले एक जुने गृहस्थ निवृत्त झाले. या वेळी तिने कसलीच कसर ठेवली नाही. आतल्या खोलीला रंग काढला. सुताराला बोलावून कपाटाला आणखी एक खण करून घेतला. सुतार भलता बोलका. माप घेता घेता त्याने विचारलं, “साहेब कायमचे येणार का?” ती म्हणाली, “हो, येणार.” तो म्हणाला, “मग खण मोठाच करतो. पुरुष आले की पसारा आला.” ती मनापासून हसली. बाजूला बसलेल्या सासूबाईंनी तोंड फिरवलं, तेही तिने पाहिलं, पण त्या दिवशी तिला कशाचंच वाईट वाटणार नव्हतं.

सोमवारी ती टॉवरचे जिने चढून वर गेली तर तिच्या बाजूच्या खुर्चीजवळ एक अनोळखी माणूस उभा. हातात डबा, गळ्यात नवं कोरं ओळखपत्र. “नमस्कार,” तो म्हणाला, “मी आजपासून इथे. तुमच्याबरोबरच ड्यूटी आहे माझी.”

तिने नमस्कार केला. मग खाली उतरून थेट साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब म्हणजे टॉवरचे प्रमुख. मऊ बोलणारे, कुणाचं मन दुखवायला न धजणारे. तिला पाहून त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“साहेब, ही जागा माझ्या नवऱ्यासाठी मागितली होती. अर्ज केला होता त्याने. निदान नकार आला एवढं तरी कुणी सांगायचं ना?”

साहेब म्हणाले, “हे तू मला विचारतेस?”

“मग कुणाला विचारू?”

“अगं, अर्ज आलाच नाही.” त्यांनी दार लोटून घेतलं. “मीच त्याला फोन केला होता. म्हटलं, बाबा, जागा निघालीय, मी तुझं नाव सुचवतो, हो म्हण फक्त. तर म्हणाला, साहेब, माझी काही हरकत नाही, पण बायकोला नकोय.”

“काय नकोय?”

“त्याने येणं.” साहेबांनी पेन्सिल पुन्हा उचलली. “तो म्हणाला, तिला एकटीने राहायची सवय झालीय, मी आलो की खटके उडतात, तीच म्हणते तू तिकडेच बरा. दोन वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता. तेव्हा तर मी जागा महिनाभर राखून ठेवली होती. म्हटलं, पोरीचं मन बदलेल.”

“आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत?”

“नवरा-बायकोच्या मधे मी कसा पडणार? तू रोज समोर हसतमुख. मला वाटलं, झाकून ठेवतेस, तर झाकलेलं राहू दे.”

“वर टॉवरमध्ये सगळ्यांना माहीत आहे?”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

तिला एकेक गोष्ट आठवू लागली. नवऱ्याचा विषय काढला की टॉवरमधली माणसं दुर्बीण उचलून धावपट्टीकडे बघायला लागायची. निरोप समारंभात एका सहकाऱ्याची बायको तिच्या कानाशी म्हणाली होती, “तुमचं बरं आहे हो, कटकट नाही डोक्याला!” आणि ती खुळ्यासारखी हसली होती. दोन वर्षं ती या माणसांमध्ये नवऱ्याला नांदवून न घेणारी बाई म्हणून वावरत होती, आणि तिला एकटीलाच ते ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, “आज घरी जा हवं तर. मी बसतो तुझ्या जागेवर.”

“नको,” ती म्हणाली आणि वर गेली.

थोड्याच वेळात विमान निघालं. गवतावरचे पक्षी उडाले, विमान धावपट्टी सोडून डोंगराकडे वळलं. तिने हॉटलाइन उचलली. पलीकडे तोच होता.

तिने विमानाचं नाव सांगितलं, सुटल्याची वेळ, उंची, पोचायची वेळ. त्याने सगळं म्हणून दाखवलं. स्वच्छ आवाज, छान झोप झालेली. सगळं बरोबर होतं. ती ‘बरोबर’ म्हणाली, पण रिसिव्हर खाली ठेवायला क्षणभर उशीर झाला.

“आणखी काही?” त्याने विचारलं. नियमातलाच शब्द.

“नाही,” ती म्हणाली आणि रिसिव्हर ठेवला. बाजूच्या नव्या माणसाने तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. त्याने काहीच विचारलं नाही, याबद्दल तिला त्याचे आभार मानावेसे वाटले.

इतकी वर्षं तिला या आवाजातली सर्दीसुद्धा कळत होती. खोटं मात्र कधी ऐकू आलं नव्हतं.

घरी आली तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. ती चप्पल न काढताच समोरच्या खुर्चीवर बसली.

“आई, एक विचारते. खरं सांगाल?”

“मी कधी खोटं सांगितलंय?”

“तुमच्या मुलाच्या बदलीबद्दल तो तुमच्याशी काय बोललाय?”

सासूबाईंचा हात थांबला. “आता कशाला उकरून काढतेस? मी काही म्हटलंय का तुला? तुमचा संसार, तुम्ही बघा.”

“आई, सांगा.”

“तूच नको म्हणालीस ना त्याला?” बाईंचा आवाज चढला. दोन वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. “मी इथे तुझ्या जिवावर जगते, म्हणून गिळून गप्प बसले. पण आईचं आतडं आहे माझं. पोरगा तिकडे एकटा हाताने रांधून खातो आणि बायको म्हणते येऊ नकोस! आणि वर सुताराला सांगतेस, साहेब कायमचे येणार. एवढं नाटक कशाला गं?”

सुनेला वाटलं, आता आपण ओरडणार. पण आवाज अगदी बारीक निघाला.

“मी नाही म्हणाले, आई. मला आजच कळलं. मी दोन वर्षं त्याची वाट बघतेय.”

लेकाचा खोटेपणा मान्य करायला आईला वेळ लागतो, आणि सासूबाई तर हट्टी बाई. त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात न टाकता मुठीतच धरून बसल्या.

“माझ्यासमोर बसून बोलला तो,” त्या शेवटी म्हणाल्या. “तू दुकानात गेली होतीस. मी म्हटलं, अरे ये ना इकडे, म्हातारीला किती दिवस राहिलेत. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, आई, तिला नको आहे. तिला काही बोलू नकोस, उगाच घरात भांडणं होतील.” त्यांनी मुठीतले दाणे भांड्यात टाकले. “डोळ्यांत पाणी आणून गं! आणि मी तुझ्या हातचं खात होते आणि मनात तुला शिव्या देत होते.”

“शिव्या दिल्यात?”

“रोज. आंघोळीचं पाणी काढून द्यायचीस तेव्हा तर जास्तच.”

अशा वेळीही दोघींना हसू आलं. हसता हसता सासूबाई रडायला लागल्या. सून उठून त्यांच्या बाजूला गेली. एकमेकींच्या गळ्यात पडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ती नुसती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग बाईंनी पदराला हात पुसले. “फोन लाव त्याला. आत्ता लाव. मी बघते.”

“नको. फोनवर तो काहीही बोलेल. सुट्टीच्या दिवशी मी जाते. समोर बसवून विचारते.”

सुट्टीच्या दिवशी ती सकाळच्या विमानात बसली. इतक्या वर्षांत ती या विमानाने दोनदाच गेली होती, तीही तो तिकडे नवा असताना. सासूबाईंना एकटं सोडवत नव्हतं, आणि नवरा म्हणायचा, “इथे येऊन काय करशील? क्वार्टर गळतंय, तिघंजण एका खोलीत आहोत.” विमानात तिला खिडकीची जागा मिळाली. खाली डोंगर आला, पांढऱ्या ढगांच्या कडा आल्या, खाडी आली. तिला मिळालेला चहा धड संपलाही नव्हता, तोच पट्टा बांधायची सूचना झाली. एवढंसं अंतर, तिच्या मनात आलं, आणि यासाठी आपण कॅलेंडरवर खुणा करत बसायचो.

विमानतळावर पत्ता विचारून ती पोचली, तर क्वार्टर गळत नव्हतं. तिघंही नव्हते. तळ्याच्या कडेला एक बैठं घर होतं, दारापुढे झाडांना पाणी घातलेलं, खिडकीला निळे पडदे. दार उघडंच होतं. दुसरी एखादी बाई असेल, असा विचार तिने विमानात शंभरदा केला होता आणि काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण आत दुसरं कुणी नव्हतं आणि कुणी येत असल्याची खूणही नव्हती. एक आरामखुर्ची, एक ताट, एक पेला. भिंतीशी पुस्तकं. घरी आला की टॉवेल पलंगावर टाकणारा तिचा नवरा इथे शर्टाची बटणं लावून, घड्या घालून ठेवत होता.

तो स्वयंपाकघरातून बाहेर आला. हातात बटाटा आणि सुरी. तिला पाहून त्याने सुरी खाली ठेवली.

“आईला काही झालं का?”

“आई बरी आहे. साहेबांशी बोलणं झालं माझं. आणि आईशीही.”

तो खुर्चीवर बसला. मग लक्षात आलं, तशी उठून त्याने ती खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

“दुसरं कुणी आहे का?” तिने विचारलंच.

“नाही. शपथेवर सांगतो.”

“मग काय?”

“मला इथे बरं वाटतं. घरी आलं की कुणीतरी वाट बघत असतं. तू बघतेस, आई बघते. काय खाल्लंस, का गप्प आहेस, नाक का चोंदलंय. इथे मी दार लावलं की संपलं. मला वाटलं होतं, वर्षभरात बदलेन. नाही बदललो.”

“हे मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?”

“रडली असतीस.”

“हो, रडले असते. मग डोळे पुसून काहीतरी ठरवलं असतं. पण तू माझं नाव का पुढे केलंस?”

त्याने हातातला बटाटा बाजूला ठेवला.

“सांग ना. मला नकोय, मला एकट्याला राहायचंय, असं साहेबांना का नाही सांगितलंस? आईला का नाही सांगितलंस?”

“लोक काय म्हणाले असते? म्हाताऱ्या आईला बायकोच्या गळ्यात घातलं आणि हा तिकडे मजेत बसलाय...”

“तेच तर करत होतास.”

“तुझं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नसे,” तो हळूच म्हणाला. “सोपं होतं.”

तिला वाटत होतं, आपल्याला राग येईल. पण ते एक ‘सोपं होतं’ ऐकून ती अगदी गार पडली. या माणसाने विचार करकरून, तळमळून तिचा गळा कापला असता तरी तिला समजलं असतं. त्याने तो सहज, हाताशी होता म्हणून कापला होता.

“माझी अब्रू सोपी होती तुला,” ती म्हणाली. “तिथे मी रोज जाते. त्या माणसांबरोबर जेवते. तुझ्या आईने दोन वर्षं माझ्याशी धड तोंड उघडलं नाही आणि मी म्हणत राहिले, पाय दुखत असेल.”

“मी साहेबांना फोन करतो. सगळं सांगतो.”

“तू नको सांगूस. तुझ्या सांगण्यात मी पुन्हा काय होईन देव जाणे. मीच सांगेन.”

परतीचं विमान संध्याकाळचं होतं. “तोवर बस तरी,” तो म्हणाला, “बटाटे करतोय.” ती बसली नाही. विमानतळावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिने अख्खी दुपार काढली. तो दोनदा येऊन काचेपलीकडे उभा राहिला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलायच्या वेळी, जाणारे आणि येणारे सगळे टॉवरमध्ये होते तेव्हा, तिने तीन वाक्यांत सांगून टाकलं. “माझ्या नवऱ्याला मी इथे येऊ देत नाही असं तुम्हाला सांगितलं गेलंय. ते खोटं आहे. त्याला यायचं नव्हतं आणि मला ते माहीत नव्हतं.” कुणाला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात नवा माणूस घाबराघुबरा होऊन म्हणाला, “ताई, मी ही जागा सोडू का? म्हणजे, तुम्हाला हवी असेल तर...” तेव्हा साहेबच म्हणाले, “अहो, तुम्ही बसा. निदान तुम्हाला यायचं तरी होतं.” ती हसली आणि हेडफोन चढवला. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना कुणी दुर्बीण उचलली नाही.

काही महिन्यांनी आणखी एक जागा निघाली. या खेपेला नवऱ्याचा अर्ज खरंच आला. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. “तुला विचारल्याशिवाय पुढे पाठवणार नाही,” ते म्हणाले.

“त्याने कुठेही जावं, साहेब. पण इथे नको. आता मीच नको म्हणतेय, तसं लिहिलंत तरी चालेल.”

पुढच्या रविवारी तो न कळवता घरी आला. ती बाजारातून परतली तर दारात त्याचे बूट. ओळखीचे बूट पाहून तिला जुन्या सवयीने आनंद झाला आणि लगेच स्वतःचाच राग आला. आत तो आईच्या समोर बसला होता.

“आई, तू तरी चल माझ्याकडे,” तो म्हणत होता. “तळ्याकाठी घर आहे. मी करीन तुझं सगळं.”

“तुझ्याकडे येऊन काय करू?” सासूबाई म्हणाल्या. “मी वाट बघणारी बाई आहे. तुला तर कुणी वाट बघितलेली खपत नाही.”

“आई, मी चुकलो.”

“ते मला कळलंय. मी तुझी आई आहे, मी तुला कधीच टाकणार नाही. येत जा, भेटत जा, समोर आलं ते खात जा. पण मी राहणार इथे, ती ठेवेल तोवर.”

त्याने दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने पिशवी टेबलावर ठेवली.

“तू म्हणालीस तर अजूनही येतो,” तो म्हणाला.

“तू येशील रे,” ती म्हणाली, “पण तू जे सांगशील ते खरं की खोटं, हे रोज मलाच बघत बसावं लागेल. तेवढं बळ नाही माझ्यात.”

तो थोडा वेळ बसला. मग घड्याळ बघून उठला, आईच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या विमानासाठी निघून गेला. त्याला अडवावंसं तिला वाटलं नाही. पण फाटकाची कडी वाजली तसं तिला रडू फुटलं, आणि ते किती तरी वेळ थांबेना. सासूबाई काठी टेकत उठल्या, हळूहळू तिच्यापर्यंत आल्या आणि तिच्या बाजूला बसल्या. खोलीत अंधार होत गेला. दिवा लावायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.